शिवरंजनीच्या नावाच्या एकतीस चिठ्ठ्या

मी, शिवम्मा शंभुलिंग बिराजदार, वय ६९, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार उमरगा, महादेवाला स्मरून माझ्या मागची व्यवस्था स्वतःच्या हातानं लिहिते. गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी भरीस पाडलेलं नाही. याआधी असा कागद केलेला नाही.

१. मिस्टरांच्या मागं माझ्या नावावर झालेल्या दोन खोल्या माझे दीर सिद्रामप्पा यांना, आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शिवरंजनी हिला. दीर ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस घरी नसतात. शिवरंजनी चार वर्षांची असताना तिची आई गेली. मला मूलबाळ नाही, तिला मीच वाढवलं. ती मला दोड्डव्वा म्हणते, म्हणजे थोरली आई. त्या शब्दाला मी जागले नाही. ते चौथ्या कलमात लिहिलं आहे.

२. नणंद नीलम्मा हिनं पंचवीस वर्षांपूर्वी पुरणाचं मोठं पातेलं एका लग्नापुरतं म्हणून नेलं. दर दिवाळीला विचारलं की म्हणायची, "वैनी, कल्हईला दिलंय." ते पातेलं तिला दिलं. आता कल्हईचं नाव काढू नये. बाकी भांडी शिवरंजनीला.

३. मला आमच्या लिंगायत रीतीनं, हातात इष्टलिंग ठेवून पुरावं. माझ्या नावानं जेवणाच्या पंगती उठवू नयेत.

४. हे कलम वकील कल्याणप्पा यांना नको होतं. म्हणाले, "काकू, घर लिहा, दागिने लिहा. हे कशाला?" मी म्हणाले, "त्या पोरीचं नाव माझ्याकडं अडकलंय. ते पण परत द्यायचंय."

शिवरंजनी दहा वर्षांची असताना शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, हिनं वर्गातलं सगळं वाचून संपवलं, हिला वाचनालयात घाला. वाचनालय हायवेच्या पलीकडं. ट्रकांच्या रस्त्यावर पोरीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून पुस्तक आणायला मी जायची. ते चालवणारे माणिकप्पा फार शिस्तीचे. त्यांचा नियम असा की पुस्तक वाचून झालं की मुलानं चार ओळींची चिठ्ठी लिहून पाठवायची, म्हणजे पुढचं कोणतं द्यायचं ते त्यांना कळतं.

पहिलं पुस्तक मी आधी स्वतः वाचलं. त्यात एक मुलगी बापाला न सांगता घर सोडून शिकायला जाते. बिनआईची पोर, उद्या हिनं तेच केलं तर मी दिराला काय तोंड दाखवू? मी पुस्तक डाळीच्या डब्यामागं ठेवलं आणि तिला मठापुढच्या गाड्यावरची मोठ्या अक्षरांची, चित्रांची पातळ पुस्तकं आणून दिली. म्हणाले, "माणिकप्पांनी हेच दिलंय. तू अजून बारकी हाईस म्हणाले."

"दोड्डव्वा, असलं मी दुसरीत वाचलंय."

"मग परत वाच. पाठ व्हईल."

इथवर भीती होती. भीतीची माफी महादेवाजवळ मागता येते. पण चिठ्ठी तर पाठवायला पाहिजे. मी लहान मुलीसारखं गोल अक्षर काढून लिहिली, खाली 'कु. शिवरंजनी' असं नाव घातलं. माणिकप्पांचं उत्तर आलं: 'शाब्बास. ही नजर मोठ्यांनाही नसते.' मॅट्रिकनंतर मला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. पुढचं पुस्तक मी तिच्यासाठी तपासायला म्हणून उघडलं नाही. माझ्यासाठी उघडलं. दुपारी दार लावून वाचायची. दोन वर्षं ते तिच्यासाठी निवडून निवडून चढत्या पायरीची पुस्तकं देत गेले, आणि ती मी वाचली. पोरीच्या ताटातलं मी खाल्लं.

बारा वर्षांची झाल्यावर ती एकटीच हायवे ओलांडून गेली. माणिकप्पांना विचारलं, "आजोबा, मला नुसती बारकी पुस्तकंच का देताव?" त्यांनी तारेला खोचलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या. पेपर वाचत बसलेल्या चार माणसांसमोर म्हणाले, "एवढी मोठी पुस्तकं वाचून तू अशा चिठ्ठ्या लिहिल्यास, आणि आता खोटं बोलतीस?"

तिनं घरी येऊन विचारलं, "दोड्डव्वा, मी खोटं बोलते का?"

मी म्हणाले, "मोठ्या माणसांना उलट बोलत नसतात."

तेव्हापासून ती परीक्षेचं सोडून एक पान वाचत नाही. आज ती एकोणीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात काम शिकते. ती खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोलले. माझ्या मागं हे कलम वाचनालयात मोठ्यानं वाचावं.

५. पोस्टातली ठेव शिवरंजनीला. आधी मी इथं 'पुस्तकांसाठी' असं लिहिलं होतं. ते खोडलं आहे. तिनं काय घ्यावं हे ठरवायचा अधिकार मला उरलेला नाही.

६. हे कलम आज वाचनालयात बसून, सही करायच्या आधी लिहिलं. साक्षीला मी माणिकप्पांनाच बोलावलं होतं. साक्षीदारानं कागद वाचायची गरज नसते, पण ते वाचल्याशिवाय सही करणारे नाहीत. मला ते माहीत होतं. शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "शिवम्मा, मी एक्याऐंशीचा. तुमच्या मागं हे वाचायचं तवा मी असन का? त्या पोरीला खोटारडी मी म्हणलो." शिवरंजनीला दुकानातून बोलावून घेतलं. ती आली तसे काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "पोरी, चूक झाली माझी."

तिनं चौथं कलम उभ्यानं वाचलं. मग चिठ्ठ्या मागितल्या. एकतीसच्या एकतीस, एकेक करून वाचल्या. मधे एकदा हसली. मी मान खालीच ठेवली होती.

"लई चांगलं लिहिलंय दोड्डव्वा," ती म्हणाली. "आता माझं नाव खोडा. तुमचं घाला."

मी तिची माफी मागितली. ती "लिहा" म्हणाली, आणि सगळ्या होईस्तोवर समोर बसून राहिली. तिनं माफ केलं असं माझ्या मागं कुणी सांगू नये. तसं ती बोललेली नाही.

एकतीस ठिकाणी नाव बदलून, बत्तिसावी सही या कागदावर करते.

ठिकाण: उमरगा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शिवम्मा शंभुलिंग बिराजदार

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. माणिकप्पा मुळजे, वाचनालय
२. कल्याणप्पा कोराळे, वकील