करवतीला नऊ वेढे

१४ सप्टेंबर १९९७, रविवार

आली एकदाची! खोकं एवढं मोठं की मला वाटलं टीव्हीच आला. वरच्या मजल्यावरचा आमचा भाडेकरू विक्रांत आणि हे, दोघांनी मिळून ते गॅरेजात नेऊन ठेवलं. आत चेन-सॉ. पेट्रोलवर चालणारी करवत. विक्रांत पुण्याचा, इथे गुडगावात परदेशी यंत्रं विकणाऱ्या कंपनीत आहे. आता सगळंच बाहेरून येतंय, तर करवती का नकोत! कंपनीला ही यंत्रं इकडच्या माळ्यांच्या हाती द्यायची आहेत, आणि सूचनांचं पुस्तक इंग्रजीत. ते ह्यांनी हिंदीत करायचं. जमलं तर माळ्यांना शिकवायचंही. विक्रांतनेच साहेबांपुढे ह्यांचं नाव टाकलं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि ह्या नव्या सेक्टरात राहायला आलो, तेव्हापासून हे नुसते बाल्कनीत बसून समोरची बांधकामं मोजायचे. आज दोनदा चष्मा हरवला, दोनदा सापडला, चहा तसाच गार झाला. बरं वाटलं बघून.

१६ सप्टेंबर

करवतीसाठी वेगळी वही! वर ठसठशीत अक्षरात 'यंत्र नोंदवही'. तीस वर्षं सरकारी बांधकामांवर सुरक्षा तपासत फिरलेला माणूस, दुसरं काय करणार? गॅरेजात खिळ्याला टांगली आहे. मी म्हटलं, माझी रोजनिशी कपाटात, तुमची खिळ्याला — एकमेकांची वाचायची नाही. म्हणाले, माझ्यात काय वाचणार, नुसत्या बरोबरच्या खुणा.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिला धडा. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, कानांवर दोन डबे, ढगळ जाड विजार, गुडघ्यापर्यंत बूट. मला हसू आवरेना. शेजारच्या खन्नांनी भिंतीवरून विचारलं, "भाईसाहब, चाँद पे जा रहे हो क्या?"

हे मात्र गंभीर. विक्रांत सांगत होता आणि हे शाळेतल्यासारखी मान डोलवत होते. दोन्ही हात, अंगठा दांड्याखालून. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. शिडीवर चढून कापायचं नाही. एकट्याने तर कधीच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पात्याचं टोक. त्याच्या वरच्या बाजूला काही लागलं की करवत उसळून थेट माणसाच्या अंगावर येते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणून पुढच्या दांड्यासमोर एक फळी असते. करवत उसळली की मनगट फळीवर आपटतं, फळी पुढे जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. तोच ब्रेक.

मला स्वयंपाकघरातून बोलावून पाच वेळा दाखवला. खट्. खट्. म्हणाले, "प्रभा, ह्या एका खटवर माणूस घरी परत येतो."

मी म्हटलं, गवार निवडायची राहिली आहे.

२८ सप्टेंबर

फाटकावरच्या कीकराच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, फांद्या छाटल्या. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर वजनाने पडताना बुंध्याची साल ओढून नेते. हे मला कोणी सांगितलं? जेवताना ह्यांनी. दोनदा.

करवत सुरू करण्याआधी दर वेळी अकरा गोष्टी मोठ्याने म्हणतात, हात लावून बघतात, वहीत खूण करतात. खन्नांचा माळी उकिडवा बसून बघत होता. अर्धशिक्षित, पण प्रश्न नेमके. ह्यांनी त्याच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगितलं. जाताना तो 'मास्टरजी' म्हणाला. वयाच्या साठाव्या वर्षी नवं नाव मिळालं!

२ ऑक्टोबर

मागच्या कुंपणाजवळचा सफेदा, आपली निलगिरी, पाडायचा ठरला. वाळत चालला आहे. मेमधल्या आंधीत त्याची फांदी खन्नांच्या टाकीवर आदळली होती. कलही रिकाम्या प्लॉटकडे आहे, घराकडे नाही. वनखात्याचा कागद आला. बाराला, रविवारी, कंपनीचे साहेब बघायला येणार. काम नीट झालं तर दर शनिवारचा माळ्यांचा वर्ग ह्यांच्याकडे.

आज चुना टाकून जमिनीवर रेघ मारली — झाड इथे पडेल. मागे तिरक्या दोन वाटा साफ केल्या, झाड हललं की पळायला. विटेचा तुकडासुद्धा ठेवला नाही. लग्नात एवढी तयारी केली होती का, आठवत नाही.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर माझं शिलाई मशीन, विळी, ह्यांची ड्रॉइंगची पेटी, आणि मधोमध करवत. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आपल्याकडे काही दोरा बांधत नाहीत, पण इतकी वर्षं दिल्लीत काढून मी इकडची कलाव्याची, पूजेच्या दोऱ्याची, रीत उचललीच. ऑफिसचा शिपाई स्कूटरलासुद्धा बांधायचा. कोपऱ्यावरच्या देवळातून लाल-पिवळा कलावा आणला. मशीनला बांधला, पेटीला बांधला. करवतीला कुठे? पातं दातेरी, मागचा भाग तेलकट. शेवटी पुढचा दांडा आणि त्यासमोरची फळी एकत्र धरून नऊ वेढे दिले, नवरात्राचे नऊ. वर पक्की गाठ.

हे आंघोळ करून आले. बराच वेळ करवतीकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, हा सोडायचा नाही हं, आपला आपण तुटेल तेव्हा तुटेल. मनगटावरचा कधी कापतो का आपण? आणि खरं तेच सांगितलं — ही करवत घरात आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, हा आहे म्हणून मी रविवारी खिडकीत उभी राहू शकेन.

म्हणाले, छान बांधलास.

११ ऑक्टोबर, दसरा

आपटा इथे कुठला, कांचनाची पानं दिली. विक्रांत पाया पडला. हे दुपारी बराच वेळ गॅरेजात होते. उद्याचा दिवस नीट जाऊ दे.

१३ ऑक्टोबर

कालचं आज लिहिते.

झाड पडलं. अगदी चुन्याच्या रेघेवर! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, खन्नांनी भिंतीवरून शिट्टी. मी खिडकीत होते. मला इतका अभिमान वाटला की मी शेगडीवर दूध ठेवलंय हे विसरले. मग आडव्या झाडाच्या फांद्या छाटायला घेतल्या. पाल्यात एक फांदी दडलेली होती, तिला पात्याचं टोक लागलं. मला फक्त आवाज बदललेला कळला. आणि हे खाली बसले, कोणी बस म्हटल्यासारखे.

डावा खांदा आणि दंड. विक्रांतने स्वतःचा शर्ट काढून बांधला. नर्सिंग होममध्ये एकतीस टाके घातले. जाळी चेपून चेहऱ्याला टेकली होती, पण चेहरा वाचला. मान वाचली.

शुद्धीवर आल्यावर पहिले शब्द काय? "प्रभा, माझीच चूक."

मग कोणाची असणार?

१९ ऑक्टोबर

घरी आणलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मेल्यासारखी. शीर दुखावली आहे, डॉक्टर म्हणतात थांबून बघू. शर्टाची बटणं मी लावते. लावताना बोलते. न बोलून करू काय? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना हेल्मेट घाला, दोरी तपासा, खाली बघा म्हणून सळो की पळो केलं, त्याला स्वतःच्या हातातली करवत सांभाळता आली नाही!

ऐकून घेतात. पूर्वी एका वाक्याला तीन वाक्यं परत यायची.

२६ ऑक्टोबर

लक्ष्मीबाई नगरची मंडळी भेटायला आली. भानुमतीबाई डबा भरून चकल्या घेऊन आल्या. ह्यांचे जुने सहकारी राजाभाऊ गमतीत म्हणाले, इन्स्पेक्टरसाहेबांचाच अपघात, आता आम्ही नोटीस कोणाला काढायची? सगळे हसले, हेही हसले. मीही सांगितलं सगळ्यांना — घाई झाली, टाळ्यांनी हुरळून गेले, लक्ष नव्हतं. आणि देवीच्या कलाव्यानेच वाचवलं, नाहीतर चार बोटांच्या अंतरावर मान होती. भानुमतीबाईंनी हात जोडले. मी ह्यांना विचारलं, हो की नाही?

"हो," म्हणाले. "त्यानेच."

देवधर्माच्या बाबतीत हा माणूस इतक्या लवकर कधी हो म्हणाला नव्हता. विक्रांत उठून पाणी प्यायला गेला.

८ नोव्हेंबर

कंपनीचा फॉर्म आला. अपघाताचं कारण काय — यंत्र की माणूस? विक्रांत आणि हे आतल्या खोलीत दार लोटून बसले. विक्रांतचा आवाज चढलेला ऐकला, "काका, असं कसं लिहिताय तुम्ही!" बाहेर आला तो चहा-चकली न घेताच वर गेला. चकलीला नाही म्हणणारा मुलगा नव्हे तो.

फॉर्म मी पाहिला, टेबलावरच होता. 'चालक की लापरवाही.' खाली सही. उजव्या हाताने केलेली, नेहमीसारखी वळणदार.

शनिवारचा वर्ग गेला. साहेब सरळ म्हणाले, स्वतःला जखमी करून घेतलेल्या माणसाकडून माळ्यांनी काय शिकायचं? खरंच आहे ते. पण मला इतका राग आला — साहेबांचा नाही, ह्यांचाच. यंत्रात काही बिघाड होता म्हणायला काय झालं होतं? निदान फांदी दिसत नव्हती म्हणायचं. मी तसं म्हटलं. तर म्हणाले, यंत्रात काही नव्हतं, खोटं कसं लिहू?

करवत खोक्यात घालून परत गेली. तिच्यावरचा कलावा नव्हता. त्या धावपळीत कुठे पडला कोण जाणे.

२१ डिसेंबर

धुकं. पुन्हा बाल्कनी, पुन्हा समोरच्या इमारतीचे मजले. सात झाले. खन्नांचा माळी परवा फाटकाशी आला, मास्टरजी वर्ग कधी, म्हणून. हे म्हणाले, अब नहीं होगा. तो गेल्यावर बराच वेळ फाटकाची कडी एका हाताने लावत बसले. मी जाऊन लावली. आणि तेव्हाही बोललेच मी — नीट लक्ष दिलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

हे मी आज का लिहिते आहे? लागलं मनाला. त्यांच्या नाही, माझ्याच.

१६ जानेवारी १९९८

विक्रांत करवतीच्या सूचनांचं छापील पत्रक घेऊन आला. हिंदी सगळं ह्यांचंच, अपघाताआधी अर्धं लिहून झालं होतं, उरलेलं नंतर ह्यांनी विक्रांतला सांगून लिहून घेतलं म्हणे. मला पत्ताच नाही! नाव कुठेही छापलेलं नाही. ह्यांनी उलटंपालटं बघितलं आणि माझा हात पुढे येण्याआधी वर्तमानपत्राखाली सरकवलं.

दुपारी हे झोपल्यावर मी काढलं. नवऱ्याने लिहिलेलं वाचायला परवानगी कशाला? छान उतरलंय, माळ्याला कळेल असं. दोन्ही हात, अंगठा, शिडी, पळायच्या वाटा. आणि शेवटचा, अकरानंतर वाढवलेला बारावा मुद्दा — 'पूजा का कलावा खोलकर ही मशीन चालू करें। ब्रेक के साथ कुछ भी न बाँधें।'

मी ते तीनदा वाचलं. मग माझे हात मला दिसले. दांडा आणि फळी एकत्र धरलेले. नऊ वेढे. पक्की गाठ.

खट् कुठून होणार होतं?

आणि मी गावभर सांगत फिरले. कलाव्याने वाचवलं. ह्यांनी लक्ष दिलं नाही.

१७ जानेवारी

गॅरेजात गेले. वही खिळ्यालाच होती. वाचायची नाही असं ठरलं होतं, तरी काढली. १२ ऑक्टोबरचं पान. दहा गोष्टींपुढे बरोबरची खूण. अकराव्यापुढे खूण नाही, अक्षर आहे — 'ब्रेक चालत नाही. कलावा बांधलेला. काल सोडायला बसलो होतो, सोडवला नाही. प्रभाचा जीव त्यात आहे. आजच्या दिवस तसाच ठेवतो. निर्णय माझा.' खाली सही.

त्या सहीखाली मी माझी सही केली. वही परत खिळ्याला लावली आणि बटणं लावायला वर आले.