हौदातला म्हातारा

आदरणीय त्सुनेहारुकाका,

नमस्कार. थंडी ओसरली तरी गुन्माकडचा वारा ओसरला नसेल, तेव्हा गुडघ्यांची काळजी घ्यावी. कांद्याची पात यंदा जाड आली असेल असं धरून चालते. काकूंनाही नमस्कार. मी बरी आहे. (नोकरी बरी नाही, पण पत्राची सुरुवात त्याने करू नये एवढं मला शिकवलेलं आहे.)

तुम्ही तरुणपणी लिहिलेला सार्वजनिक स्नानगृहाचा व्हिडिओ गेम आमची कंपनी पुन्हा बाजारात आणते आहे. खेळणाऱ्याने भट्टी पेटवायची, पाणी बेचाळीस अंशांवर ठेवायचं, गिऱ्हाइकांना टॉवेल द्यायचे. जिंकण्याची सोय नाही. त्या काळी तो कुणी घेतला नाही, म्हणून आता त्याला भक्त आहेत. तो नव्या यंत्रावर चालवणं हे माझं काम. त्यात मला दिसलं की एक म्हातारा हौदात उतरतो तो बाहेर येतच नाही. स्नानगृह बंद झालं तरी नाही. चूक साधी होती: पाणी गार झालं की गिऱ्हाईक उठतं, आणि याच्यापुरतं पाणी तपासलंच जात नव्हतं. मी दुरुस्त केली. आता म्हातारा उठतो, अंग पुसतो, बाटलीतलं कॉफीचं दूध पितो आणि घरी जातो. त्याच्या घरच्यांनाही बरं वाटलं असेल.

भक्तांनी सुतक पाळलं. कोएन्जीच्या एका तळघरात, जिथे एरवी व्हॅक्यूम क्लीनर वाजवणारा बँड असतो, तिथे काळ्या चौकटीत म्हाताऱ्याचा फोटो (मोठा केल्यावर तो पावासारखा दिसतो), पुढे उदबत्ती आणि स्नानगृहात असते तशी पिवळी छोटी बादली. मंत्र म्हणायला भिक्षू म्हणून बँडचा ड्रमवाला, कारण त्याचं डोकं आधीच भादरलेलं होतं. माफी मागायला म्हणून मला आमच्या कुरामोची साहेबांनी सोबत नेलं. भक्तमंडळाच्या अध्यक्षा शिओमीबाई दिवसा कवळ्या बनवतात. त्या म्हणाल्या, "अहो, तो अख्ख्या पिढीचा घरी जायला नकार होता! तुम्ही त्याला दूध पाजून पाठवलंत?"

"पाणी गार झालं होतं," मी म्हणाले.

"बघा, वर तोंड करून सांगतेय!" मागून कुणीतरी हुंदका दिला.

परतताना साहेब म्हणाले, "चिगुसा, महिनाअखेर एक तर म्हातारा आत जाईल, नाहीतर तू बाहेर."

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच असं धरते, तपासत नाही.

तुमची पुतणी,
चिगुसा

ता. क. चूक मी परत घालून पाहिली. जुन्या म्हाताऱ्यात आणि यात एका ठिपक्याचाही फरक नाही. शिओमीबाई म्हणतात, हा नाइलाजाने बसलाय, तो आवडीने बसायचा. तेव्हा आपण टोकियोला येऊन ती चूक स्वतःच्या हाताने करून द्यावी, ही विनंती.

पुन्हा ता. क. पत्र टाकण्याआधी फोन केला होता. काकू म्हणाल्या, "अगं, ते पाण्यात बसलेत." जेवण झाल्यावर पुन्हा केला, तरी पाण्यातच. "एव्हाना गार झालं असेल ना?" मी विचारलं. "लग्न झाल्यापासून मी तेच सांगतेय," काकू म्हणाल्या. तेव्हा 'चूक' हा शब्द मी मागे घेते. येण्याची तसदी नको. फक्त तुम्ही बाहेर का येत नाही, तेवढं कळवा. म्हाताऱ्यासाठी मी तसं लिहून देईन.