सृष्टीचे पेढे

जळकोट, मंगळवार, दिवेलागणीच्या आधी

तीर्थरूप महानंदा आत्यांना आणि शरणप्पा मामांना शिवप्रियाचे दोन्ही हात जोडून शरणार्थ.

हे पत्र चांगल्या बातमीचं आहे की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून आधीच सांगते, इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत, पत्र बघून घाबरू नका. मामांचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ असं लिहून त्यावर काट मारली होती, तेव्हापासून तुमची भावजय, म्हणजे आमची अव्वा, रोज त्या काटेचा अर्थ विचारते. तिकडे ईट गावात सोयाबीन सगळं उगवलं का, की मोडून दुबार पेरावं लागलं, तेही कळवा. फोनवर हे विचारता आलं असतं, पण आमच्या घरात एकानं फोनवर बोललेलं चौघांना ऐकू येतं, आणि पुढचा मजकूर चौघांसाठी नाही. गल्लीतला विरेश उद्या कामासाठी भूमला निघालाय, तो ईटला येऊन हे पत्र तुमच्या हातात देईल. (पाकीट नीट चिकटलेलं आहे ना, ते बघून मगच त्याला चहा द्या.)

तर, एक नवी मालिका सुरू झाली आहे. ‘डबा आणि डिग्री’ असं नाव आहे, रोज संध्याकाळी आठ वाजता लागते. ती तुम्ही बघावी अशी माझी शिफारस आहे. मला माहीत आहे, त्या जुन्या मालिकेत सुनेनं सासूच्या दुधात काहीतरी कालवलं, त्या दिवसापासून तुम्ही टीव्हीवर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवलाय. पण या मालिकेत दुधात कुणी काही कालवत नाही. सृष्टी नावाची मुलगी गावाकडून विद्यापीठात शिकायला जाते, वसतिगृहात राहते, आणि घरचे तिला तिथंही एकटं सोडत नाहीत, एवढीच गोष्ट आहे.

शाळेत घालायच्या आधी तुम्हीच मला दुकानाच्या ओट्यावर बसवून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. त्याच ओट्यावर आजोबा कापडाचा तागा उलगडताना गिऱ्हाइकाला आधी डाग दाखवायचे, मग रंग. तुम्ही म्हणायचात, कुणाला काही घ्या म्हणायचं तर असं म्हणायचं. म्हणून मी आधी डाग दाखवते.

पहिला डाग म्हणजे स्वतः सृष्टी. ती एसटीनं पाच तास प्रवास करून उतरते आणि तिची वेणी जशीच्या तशी असते. (मी इथून तुळजापूरला जाऊन आले तरी अव्वा विचारते, कुठं पडलीस का.) चौथ्या दिवशी ती वर्गप्रतिनिधी होते. पेपर वीस मिनिटं आधी देऊन खिडकीबाहेर बघत बसते. मी आयुष्यात पेपर कधी आपणहून दिलेला नाही, तो माझ्या हातातून ओढूनच घ्यावा लागतो, आणि घरी आल्यावर बैठक क्रमांक लिहिला की नाही या विचारानं मला दोन दिवस जेवण जात नाही. सृष्टी पेपर देऊन थेट पाणीपुरी खायला जाते. शिवाय तिच्या घरात सहा माणसं आहेत आणि आजवर एकानंही भांडं घासलेलं दाखवलेलं नाही. तिच्या घरचा स्वयंपाकाचा ओटा बघून अव्वा म्हणते, “बघ, पोरगी बाहेर राहून बी घर कसं ठेवतीय.” तो ओटा तिच्या आईचा आहे, हे मी तीनदा सांगितलं.

दुसरा डाग सांगावा की नाही, याचा मी कालपासून विचार करते आहे. मालिकेत एक आत्या आहे. ती सृष्टीच्या बाहेर शिकण्याच्या विरोधात असते, आणि ती आली की मागचं संगीत जरा विचित्र वाजतं आणि सगळे हसतात. तुमचा आणि तिचा काही संबंध नाही. ती नऊवारी नेसते.

आता चांगलं सांगायचं तर तिचे वडील. (हे लिहिताना मला त्रास होतो, पण खरं ते खरं.) दर रविवारी ते डबा घेऊन वसतिगृहाच्या फाटकावर येतात. एकदा मधल्याच वारी आले, पावसाच्या आडोशाला म्हणून वर्गात शिरले, शेवटच्या बाकावर बसले आणि प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर सृष्टीच्या आधी देऊन बसले. मीसुद्धा हसले. मग मी अप्पांकडे बघितलं, तर ते हसत नव्हते. डोळे पुसत होते.

आत्या, अप्पांचं काय झालंय ते मला नीट सांगता येत नाही. पावणेआठला दुकानाची फळी लागते. तागा अर्धा उलगडलेला असला तरी गिऱ्हाइकाला म्हणतात, “उद्या या, आमच्या पोरीची वेळ झाली.” गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. सृष्टीची तोंडी परीक्षा होती त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा मी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तर हातानं बाजूला सारत म्हणाले, “थांब की जरा, हितं पोरीचा निकाल लागायलाय.” तिचा लागेपर्यंत माझा लागून शिळा झाला.

आणि गेल्या शनिवारी पेढे वाटले. सृष्टी विद्यापीठात पहिली आली म्हणून. अप्पांनी स्वतः आणले आणि माझ्याच हाती गल्लीत पाठवले. “अकरा घरी दे,” म्हणाले. कशाचे म्हणून सांगू विचारलं, तर म्हणाले, “पोरगी पहिली आली म्हणून सांग, आणिक काय?” मी पहिल्याच घरी, उमादेवी काकूंकडे, तसं सांगितलं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातात धरला आणि म्हणाल्या, “व्हय गं, मला माहीतच होतं. आता जाणार तू लांब.” मी म्हटलं, काकू, मी नाही, टीव्हीतली. त्यांनी पेढा तोंडातून काढला नाही, पण चघळायचं थांबवलं. पुढच्या दहा घरी मी आधीच सांगून टाकलं की माझं काहीही झालेलं नाही, लग्न नाही, नोकरी नाही, प्रवेशही नाही. दोन ठिकाणी मला बसवून पाणी दिलं.

घरी येऊन मोबाइल बघितला. संभाजीनगरला ग्रंथालयशास्त्राला माझी निवड झाल्याचा संदेश होता. तो आला होता चार वाजून दहा मिनिटांनी, आणि मी पेढे घेऊन निघाले साडेचारला. म्हणजे मी अकरा घरी खोटं बोलून आले, हातात पेढे असताना. मी परत जाऊन उमादेवी काकूंना तेवढं खरं सांगितलं, कारण खोट्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली होती. कुणाला सांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आहे. उरलेली दहा घरं माझ्या अंगावर आहेत.

घरात सांगायचं कसं? पेढे तर खाऊन झाले होते.

तुम्ही विचाराल, फॉर्म कुणाला विचारून भरला. अप्पांनाच विचारलं होतं. आठ वाजून बारा मिनिटांनी मी म्हटलं, “अप्पा, संभाजीनगरचा फॉर्म भरू का?” ते म्हणाले, “भर की, त्यात विचारायचं काय.” पण तेव्हा पडद्यावर सृष्टीही निवडणुकीचा फॉर्म हातात घेऊन उभी होती आणि ते तिच्याकडे बघत होते. ही परवानगी धरायची का, हे मला एकटीला ठरवता येत नाही. दुकानात ते सगळ्यांना सांगतात की पोरीनं शिकायला बाहेर पडावंच लागतं. मी जाहिरातीच्या वेळात वसतिगृह हा शब्द काढला तर म्हणाले, “तुझं येगळं हाय. आक्काला विचारून बघू.” आक्का म्हणजे तुम्ही. त्या सृष्टीला कुणाच्या आक्काला विचारावं लागलं नाही.

मामांना नमस्कार. मालिका जरूर बघा.

तुमची,
शिवप्रिया

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. (राहिली नाही, मी राहू दिली.) सोमवारी मला कागदपत्रं घेऊन संभाजीनगरला हजर व्हायचं आहे, नाहीतर जागा दुसरीला जाईल. तुम्ही मालिका बघून, निदान गुरुवारचा भाग बघून, अप्पांना फोन करावा आणि पोरीला जाऊ दे म्हणावं. फोन साडेआठला करू नका, तेव्हा ते नुकतेच रडलेले असतात आणि कशालाही हो म्हणतात. तसं हो घेणं बरोबर होणार नाही. नऊला करा.

आणखी एक. मी जाऊ नये असं तुम्हाला वाटत असेल तर तसंच सांगा, पण अप्पांच्या आधी मला. आणि दुसऱ्या डागाचं मनावर घेऊ नका.

आणखी, घाईत. पाकीट बंद करणार एवढ्यात अप्पा माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढून माझ्यासमोर ठेवून पुसायला बसले. उमादेवी काकू दुपारी दुकानात पातळ बघायला आल्या होत्या, एवढंच मला माहीत आहे. अप्पा म्हणाले, “कुलपाला किल्ली एकच हाय. दुसरी करून घ्यावी लागंल. एक माझ्याकडं ऱ्हाऊ दे.” मी म्हटलं, “कुणाची ट्रंक, अप्पा?” आठ वाजून गेले होते, आतून सृष्टीचा आवाज येत होता. ते माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, “आक्काला लिहायलीस न्हवं? मग इचार, हितक्यात पोरीचं सामान बसंल का म्हणून. तिनं दोन पोरी धाडल्यात बाहेर.”

तर ट्रंक पुरेल का, तेवढं फोन करून सांगा. मालिका नाही बघितली तरी चालेल.