खड्यांच्या घरात महालक्ष्म्या

३ ऑगस्ट, रवि.
गजलक्ष्मी आणली. जेमतेम वीतभर उंच, पण काय काम केलंय! शालूच्या निऱ्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. दोन्ही हत्तींच्या झुलींवर नक्षीसुद्धा वेगवेगळी. तुळशीबागेत दुकानदाराचा तासभर जीव खाल्ला, तेव्हा कुठे आतल्या खोक्यातून काढली त्याने. आता गौरींपुढच्या आरासीत एकूण एक्केचाळीस मूर्ती. हे म्हणाले, "घरात माणसांना बसायला जागा नाही, तेहतीस कोटींची मात्र सोय झाली." म्हणू देत.
आमच्या गौरी खड्यांच्या. तबकात सात खडे, ना नाक ना डोळे. सासूबाई म्हणायच्या, रीत ती रीत. चाळीस वर्षं पाळली, आणि डोळ्यांची हौस आरासीवर भागवली.

१० ऑगस्ट, रवि.
सूनबाईच्या, म्हणजे प्रांजलीच्या, माहेरचे फोटो पाहिले. तिकडे अमरावतीला गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा-कनिष्ठा, पितळी मुखवटे, पुढ्यात दोन लेकरं. चेहरे असे की बघतच राहिले. धाकटी हसू दाबत असल्यासारखी, थोरली घर चालवून दमलेली. पणजीच्या वेळचे म्हणे. विहीणबाई आता एकट्याच. मुलगा नाही, यंदा त्यांना झेपणारही नाही. मी पटकन बोलून गेले, मग इकडे पाठवा म्हणावं, आरासीत मधोमध ठेवू, काय शोभतील!
प्रां. भांडी लावत होती, लावत राहिली.

१४ ऑगस्ट, गुरु.
विहीणबाईंचा फोन. आवाज बारीक. "शोभेला तर शोभेला, ताई. मी आता थकून राहिली. पेटीत बंद राहण्यापेक्षा तुमच्याकडे कोणाच्या नजरेला तरी पडतील."
फोन ठेवला आणि इतकी लाज वाटली. ज्यांना त्या बाईने जन्मभर पुरणावरणाचं जेवू घातलं, त्यांना मी दुकानातल्या मूर्तींच्या रांगेत…

१५ ऑगस्ट, शुक्र.
सकाळीच फोन केला. म्हटलं, शोभेला नकोत. तुम्ही घेऊन या आणि तुमच्या हाताने उभ्या करा. सोळा भाज्या, आंबील, सगळं तुमच्या पद्धतीने.  त्या म्हणाल्या, "एकदा घरात उभ्या केल्या की दरवर्षी कराव्या लागतात, ताई. मधेच सोडता येत नाही." म्हटलं, करू.
ह्यांना सांगितलं. चष्मा काढून म्हणाले, खडे आणि मुखवटे, दोन्ही? आईला चाललं नसतं. म्हटलं, त्यांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन.

२९ ऑगस्ट, शुक्र.
आल्या. बसमध्ये पेटी पूर्ण वेळ मांडीवर, खाली ठेवली नाही म्हणे. चहाच्याही आधी मुखवटे काढून पुसायला बसल्या. लहान मुलाला आंघोळ घालावी तसे कानामागून, हनुवटीखालून. फोटोत यातलं काहीच दिसलं नव्हतं. नथीचा एकेक मोती पितळेतच घडवलेला. कपाळावर कुंकू लावून लावून झिजलेली गुळगुळीत जागा. किती बायकांची बोटं तिथून फिरली असतील! माझ्या मूर्ती मला आवडतात, अजूनही आवडतात. पण हे काम वेगळंच आहे.

३० ऑगस्ट, शनि.
उद्या आवाहन. मुखवटे पुन्हा धुऊन टेबलावर ठेवले आणि आम्ही दोघी विहिणी साड्या निवडत होतो. थोरलीला हिरवी की जांभळी यावर आमचं चांगलंच रंगलं होतं. ऑफिसचा कॉल संपवून प्रां. बाहेर आली. दारातच उभी राहिली.
"तुम्ही दोघींनी ठरवलंत. तुमच्यानंतर खडेही मीच आणायचे आणि ह्याही मीच उभ्या करायच्या. दरवर्षी. मला कुणी विचारलं?"
नव्हतं विचारलं. मलाही कुणी कधी विचारलं नव्हतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. विहीणबाई खाली मान घालून जांभळी साडी पुन्हा घडी करायला लागल्या.
म्हटलं, आता विचारते. करशील? नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. (येईल. पण तो माझ्यापाशी.)
तिने आईकडे पाहिलं, मग मुखवट्यांकडे. धाकटीच्या गालावर राहिलेला पाण्याचा थेंब ओढणीने टिपला आणि म्हणाली, "उद्या सांगते."
दोघी महालक्ष्म्या अजून टेबलावरच आहेत. मुहूर्त उद्या संध्याकाळपर्यंत आहे.