बादलीतील आठवे चिलट

अल मजाज, शारजा, गुरुवार, सायंकाळ

स्वस्ति श्री चतुर्दशमजलाधिपती, यवसुराशिल्पी, अतिथिस्नानगृहस्थ मद्यशाळेचे संस्थापक व एकमेव ग्राहक, अर्थात आम्ही, आज विलक्षण भयभीत आहोत.

कारण चिलटे. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बादलीत आंबत ठेवलेल्या बियरवर मी सौ.ची जुनी ओढणी बांधली होती. तिच्यातून वायू बाहेर जातो हे ठाऊक होते. चिलटे आत जातात हे आज कळले. फेसावर सात मृतदेह. चमच्याने उचलले, तोवर आठवे उतरले. गाळून घ्यावे काय, या चिंतनात असताना सौ. आली.

"अहो, घरभर चिलटं झालीत. मी वॉचमनला सांगितलंय. उद्या पेस्ट कंट्रोलवाला सगळ्या खोल्या बघणार."

"बाथरूमसुद्धा?"

"तिथूनच तर येतायत! तुमच्या त्या कढीपत्त्याच्या खतातून."

खत! हे असत्य माझेच. अखेर सत्यकथन केले. तिने आधी खिडकी लावली.

"शारजात बंदी असताना घरात दारू? व्हिसा गेला तर मुक्ताची बारावी कुठे करायची?"

आतून कन्यारत्न वदले, "बाबा, जस्ट थ्रो इट!"

वीस लिटर स्वहस्ते मोरीत विसर्जित केले. वीस वर्षांची नोकरी मी एका बादलीत ठेवली होती काय? आठवे चिलट मात्र जिवंत. लिहिताना चष्म्यावर बसते आहे.

त्यातच तळाच्या गाळाने मोरी तुंबली आहे. प्लंबरला बोलवावे, तर त्यालाही नाक असणार.