सईच्या केळवणाची कोशिंबीर

सोमवार, संध्याकाळ

आमच्या पोळी-भाजी केंद्रात आज सईच्या केळवणाची ऑर्डर आली. माझ्या सईच्या. माझी कसली आता! डोकंच फिरलं. "मी हात लावणार नाही," मी ओरडलो. मालकीणकाकू लाटणं न थांबवता म्हणाल्या, "कॉलेज सोडलंस, आता पोळपाटही सोड!"

गपचूप पुरण वाटलं. कोशिंबिरीत दाण्याचं कूट मात्र घातलं नाही. तिला आवडत नाही. कोणी केली, हे तिला कळेल का? नाहीच कळणार. तरी कूट घातलं नाही, आणि बरं वाटलं. का, माहीत नाही.

डबे ठाकुर्लीला, केळवणाच्या घरी गेले. काकूंनी उरलेल्या पुरणपोळीवर तूप सोडून ताटली पुढे सरकवली. "गिळ आता."

नशिबावर चिडतच पहिला घास घेतला. गोड लागली राव.

तीही आत्ता जेवत असेल.