डाव्या गालावरचा तीळ

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. कानात नवीन यंत्र बसवल्यापासून फोन त्यात शिट्ट्या मारतो, आणि तू तर फोनवर भांडायला उठल्यासारखी बोलतेस. म्हणून सरळ कागद घेतला.

आधी हसून घे. आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात परवा पुन्हा चेहऱ्यांची मैत्रीपूर्ण स्पर्धा झाली आणि माझा भोपळा काही फुटला नाही. प्रत्येकानं एक फोटो लावायचा, डोक्यापासून कॉलरपर्यंत फक्त चेहरा, खाली नाव नाही. फोटोखाली एकेक कप ठेवतात आणि ज्याला जो आवडेल त्या कपात तो एक बटण टाकतो. बक्षीस काही नाही, उलट जिंकणाऱ्यानंच सगळ्यांना चहा पाजायचा. तीन स्पर्धांत मिळून माझ्या कपात एकच बटण पडलं, आणि तेही खुर्च्या सरकवताना कुणाच्या तरी शर्टाचं तुटलेलं निघालं! आमच्या सेक्रेटरीबाई दातांच्या निवृत्त डॉक्टर, भीडभाड त्यांना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या की तुमच्या फोटोतली माणसं श्वास कोंडून मरायला टेकलेली दिसतात. आता बत्तीस वर्षं स्टुडिओत मी दुसरं काय केलं? हनुवटी खाली, कान दिसू द्या, हलू नका. आणि मग पुसापुशी. डाग, तीळ, सुरकुत्या, सगळं साफ.

आता मुद्द्याचं. भाचीकडून कळलं की तुझ्या गालावरचा तीळ वाढलाय, त्याचा रंग बदललाय आणि डॉक्टर २४ तारखेला तो काढणार आहेत. आईचा तीळ नेमका तिथंच होता, डाव्या गालावर, नाकाला लागून. तिचा एकुलता एक फोटो मी काढला, ओळखपत्रासाठी, आणि त्यातला तीळ मीच पुसला. बावीस वर्षांचा होतो, नवीन नोकरी. निगेटिव्हवर पेन्सिल अशी फिरवली की मालकानं पाठ थोपटली. वर्षभरात आई गेली, आणि पुढं स्टुडिओ हलवताना जुन्या निगेटिव्ह रद्दीत गेल्या. हे तुला नवीन नाही, पण मी स्वतःच्या हातानं कधी लिहिलं नव्हतं.

तर तुझा तीळ जायच्या आत मला तुझा फोटो काढायचाय. तिळासकट. १ मार्चच्या स्पर्धेत तोच लावणार. नाही म्हणू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, रागाचं समोरासमोर बघू.

तुझा धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

नाही म्हणू नकोस असं लिहिलंस ना? नाही.

आधीच गिऱ्हाईक पँटची उंची सांगताना माझ्या गालाशी बोलतं. एका बाईंनी तर ब्लाउज टाकायला म्हणून येऊन मला तीन मलमांची नावं लिहून दिली. आणि तू म्हणतोस की तो भिंतीवर टांगून वीस अनोळखी माणसांपुढं कप ठेवतो! बटणांची एवढी हौस असेल तर सांग, माझ्याकडे चार बरण्या भरून आहेत. पाठवून देते पार्सलनं, घाल तुझ्या कपात.

आईच्या फोटोचा विषय तू काढलास म्हणून लिहिते. तो दुकानात माझ्या शिलाई मशिनच्या वर आहे. चाळीस वर्षं रोज सकाळी दुकान उघडलं की त्याची काच पुसते. तुला आठवतं का, आपण तिच्या मांडीवर बसून तो तीळ बोटानं दाबायचो आणि ती तोंडानं टिंग करायची? तू तर दाबून दाबून तिला हैराण करायचास. तो फोटो घरी आणलास तेव्हा ती म्हणाली होती की बाई छान आहे, पण ही कुणाची आई? सगळे हसले. मी हसले नाही. रोज काच पुसताना मला तेच वाटतं रे. चाळीस वर्षं मी दुसऱ्याच बाईकडे बघतेय.

तेव्हा माझ्या चेहऱ्याला तुझा हात नको. डॉक्टर काय कापायचं ते कापतील, तपासायला पाठवतील आणि जे निघेल ते निघेल. मी घाबरलेली नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ आहे तिथंच आहे, उगाच उकरू नकोस.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सडकून काढलंस, बरं केलंस.

येत्या रविवारी, १२ तारखेला, सकाळच्या बसनं मी येतोय. दार उघडलं नाहीस तर तुझ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत तीन पँटी घेऊन उभा राहीन, आणि तिन्हींची उंची वेगवेगळी सांगेन. दिवसभर बसायची तयारी आहे.

श्वास रोख म्हणणार नाही, हनुवटी खाली म्हणणार नाही. तू तुझी शिवत बस, मी खिडकीशी उभा राहतो. सेक्रेटरीबाईंनी मला दोन संध्याकाळ बसवून शिकवलंय की माणूस कामात असला की त्याचा चेहरा त्याच्या जागेवर असतो. मला बटण नको ताई. एकदा, एकदाच, जसं आहे तसं काढायचंय. आईचं राहिलं ते राहिलं, तुझं राहू देणार नाही.

बायकोनं तुला नमस्कार सांगितलाय आणि मला सांगितलंय की फोटो न काढता परत येऊ नका.

माया असू दे. भेटूच.

धाकटा

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी ते आहेत असं समज.

रविवारी तू येऊन गेलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आता कबूल करते. तू खरंच काही बोलला नाहीस. मी कॉलर उलटवत होते, ऊन गालावर आलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी मी गालावर हात न ठेवता एखाद्या माणसासमोर बसले होते. तू निघालास तेव्हा मनात म्हटलं की जाऊ दे, चाळीस वर्षं झाली, किती धरून बसायचं!

आज पाकीट आलं. दुकानात चार माणसं होती. मी कात्रीनं पाकीट कापलं आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवायला म्हणून फोटो वर धरला.

तीळ नाही. गाल कसा गुळगुळीत, धुतलेल्या बशीसारखा. खाली तू लिहिलंयस, ताई, अगदी जशीच्या तशी.

एकदा केलंस तेव्हा तू पोर होतास. आता बासष्ट वर्षांचा आहेस. आईचा घेतलास, माझाही घेतलास. स्पर्धेत लाव, मिळतील बटणं. इकडे येऊ नकोस.

ताई

१८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला न सांगता लिहितेय. तिनं तुला काय लिहिलं मला माहीत नाही, पण काल ती दुकान अर्ध्यात बंद करून घरी आली आणि स्वयंपाकघरात भांडी घासत रडली. घासलेलीच भांडी घासत होती. मी जवळ गेले तर म्हणाली की साबण डोळ्यात गेला.

ती कुणाला सांगत नाही, पण फार घाबरली आहे. तपासणीत वाईट निघेल याची भीती आहेच. पण परवा आरशापुढं उभी राहून तिनं तिळावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली की हा गेला की आजीचं माझ्याकडे काहीच उरणार नाही.

दुसरं म्हणजे तारीख बदलली आहे. हॉस्पिटलनं २४ ऐवजी २२ ला, सकाळी नऊला बोलावलंय. तू काय घोळ घातलास ते मला ठाऊक नाही मामा, पण निस्तरायचा असेल तर २१ हा शेवटचा दिवस.

मामीला नमस्कार. तुझी माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी भाची

२१ फेब्रुवारी, बसमधून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालानं येणार नाही. मीच घेऊन येतोय. दार उघडलं नाहीस तर खालून आत सरकवीन आणि पायरीवर बसून राहीन. अक्षर वाकडं आहे, रस्ता खराब आहे.

कसं झालं ते सांगतो. तुझा फोटो संगणकावर घेतला, चांगला आला होता, तीळ होता. मग धुळीचे दोन ठिपके दिसले म्हणून ते काढायला बसलो. एकीकडे बायकोशी भाजीवरून बोलत होतो. हात आपला चालू. बत्तीस वर्षांत या हातानं किती गाल साफ केले असतील, त्याला कुठं माहीत हा गाल कुणाचा आहे! त्यावरच सेव्ह केला, छापला, पाकिटात घातला, आणि गिऱ्हाइकाचं काम झालं की करायचो तसं कॅमेऱ्यातलं सगळं पुसूनही टाकलं. तुझं पत्र वाचेपर्यंत मला पत्ता नव्हता. पत्र वाचलं, फोटोची दुसरी प्रत काढून बघितली, तर गाल कोरा. ताई, मी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, याची जास्त लाज वाटते.

सबब सांगायला येत नाही, काम पुरं करायला येतोय. या खेपेला फोटो काढला की कॅमेऱ्यातलं कार्ड तुझ्यासमोर पाकिटात घालायचं, पाकीट तू तुझ्या मशिनवर शिवायचंस, चारी बाजूंनी, डबल टीप मारून. ते मी तसंच सेक्रेटरीबाईंच्या हातात देणार. छापतील त्या, तुला पाठवतील त्या. माझा हात मध्ये येणार नाही.

मार हवं तर. पण खिडकीशी बस.

धाकटा

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाके कसे आहेत? सूज उतरली का? तपासणीचा निकाल आला की भाचीला लगेच कळवायला सांग, इथं आम्हा दोघांना घास गोड लागत नाही.

पाकीट उसवायला सेक्रेटरीबाईंना चिमटा आणावा लागला. म्हणाल्या की दाढ उपटणं सोपं होतं. काळापांढरा छापलाय, तसा तुलाही पाठवलाय त्यांनी, एक-दोन दिवसांत मिळेल.

काल स्पर्धा झाली. तुला सांगायला हरकत नाही, जिंकलो नाही. चहा पाजला तो एका बसड्रायव्हरनं, त्याच्या सासऱ्यांचा फोटो होता, खरंच झकास होता. माझ्या कपात तीन बटणं पडली. तिसरं टाकणारे गृहस्थ तुझ्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मागं रांग लागली. मग ते माझ्याकडे येऊन म्हणाले की या बाई आत्ता आपल्याला रागावणार असं वाटतं. मी म्हटलं की रागावूनच झालंय, हा फोटो त्यानंतरचा आहे.

एक बटण सोबत पाठवतोय. सेक्रेटरीबाईंनी टाकलेलं आहे, कोटाचं, चार भोकांचं. त्यांनी आजवर मला एकही दिलं नव्हतं.

रागातून उरेल तेवढा लोभ इकडे पाठव.

धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

आधी निकाल. साफ आहे. त्यात वाईट काही नव्हतं, पुन्हा काही करायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मोठ्या थाटात म्हटलं की मला माहीतच होतं, आणि बाहेर येऊन बाकावर बसून पोटभर रडले. तुझी भाची शेजारी बसून हसत होती.

टाके निघाले, पण गालावर अजून मोठी पट्टी आहे. आता गिऱ्हाईक पट्टीशी बोलतं. मलम सांगणाऱ्या बाई आल्या होत्या, त्यांना वाटतं त्यांच्याच मलमानं गुण आला. वाटू दे.

फोटो आला. दोन दिवस मी तो पाकिटातच ठेवला होता, उघडायचं धाडस होईना. मग तुझ्या भाचीनंच उघडला आणि माझ्यापुढं धरला. तीळ आहे. त्यावरचा तो एक केससुद्धा आहे, मेल्या, तो तरी काढायचास! मी आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकून लावलाय. आईचा काढला नाही. तिला तू चाळीस वर्षांपूर्वी किती मन लावून छान केलं होतंस, ते आता मला दिसतं.

काल एक नवीन बाई पडदे शिवायला टाकायला आल्या. मी मापं लिहून घेत होते तोवर त्या दोन्ही फोटो बघत होत्या. आईच्या फोटोकडे बोट करून त्यांनी विचारलं की या कोण. मी सांगणार तेवढ्यात त्यांचं बोट माझ्या फोटोवर गेलं आणि त्याच म्हणाल्या की आणि या तुमच्या आई, हो ना, चेहऱ्यावरून कळतंच.

मी हो म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही रे. त्या गेल्यावर मी दुकानाचं दार लोटलं, स्टुलावर चढले आणि काचेवरून त्या तिळावर बोट दाबलं. टिंग केलं. या वयात, एकटीनं, मोठ्यानं.

तुझं बटण मी दुकानात कामाला घालते त्या कोटाला शिवून टाकलंय. पुढची चेहऱ्यांची स्पर्धा कधी आहे ते कळव. पट्टी निघाली की खाली व्रण असेल, डॉक्टर म्हणतात चांगला बोटभर दिसेल. कॅमेरा घेऊन ये, मी खिडकीशी बसते.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. तुझा लोभ मला हवाय, असाच असू दे. हात मात्र खिशात ठेव.

तुझी ताई